मिरचीची आजारी पानं, शिवाजीनगर आणि मध्ये आत्या

आमच्या मिरचीवर बोकड्या आला. पानं वाटीसारखी वळली, झाडं आखडली. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एका दमात निकाल दिला, "उपट समदं. त्यो कंपन्यांचा बसवाला कवाधरनं जागा मागतोय. बशींच्या पार्किंगला देऊन टाकू."

हिंजवडीत आमचा एवढाच तुकडा उरलाय. मी बारावीत विज्ञान सोडलं, काळजी करणं मात्र सोडलं नाही. पानं फुलकिड्यांनी वळतात, कोळी नावाच्या बारीक किडीने वळतात आणि विषाणूनेही वळतात. किडीवर औषध आहे, विषाणूवर नाही. मग नुसतं बघून शेत कसं उपटायचं? चाचणी होईपर्यंत अण्णांकडून मुदत घेतली आणि शिवाजीनगरच्या एका प्रयोगशाळेला फोन केला. तिथल्या मॅडम म्हणाल्या, कोवळे शेंडे आणा, धुऊ नका, कागदात गुंडाळा, गार ठेवा, सारखं उघडून बघू नका. मी प्रत्येक ओळीतला एकेक शेंडा खुडला, आजारीही आणि धडधाकटही.

हिंजवडीहून जायचं असेल तर कंपन्यांच्या बसगाड्या सुटण्याआधी निघा. मी इतका आधी निघालो की शिवाजीनगरला उतरलो तेव्हा प्रयोगशाळेला कुलूप होतं. ऊन चढत होतं. चालत शनिवार पेठेत आत्याकडे गेलो.

"आत्या, एवढं पुडकं फ्रीजमध्ये ठेव गं. उघडू नकोस."

"बस. पोहे खा. चेहरा बघ कसा झालाय."

पोहे उत्तम होते. निघताना आत्याने पुडकं हातात दिलं, दोरा तसाच बांधलेला. मीही उघडून बघितलं नाही. सूचना म्हणजे सूचना.

मॅडमनी पुडकं सोडलं, भिंग लावलं आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"पानं सुंदर आहेत. आजारी कोण आहे, आपण?"

आत एकही वळलेलं पान नव्हतं. पेठेकडे जवळजवळ पळतच गेलो.

"आत्या, वळलेली पानं कुठायत?"

"टाकली. न निवडता भाजी माझ्या फ्रीजमध्ये जात नाही. आणि असला किडका माठ कोण आणतं रे? भाजीवाल्याने तुला ओळखलंन."

"माठ नाही, मिरचीची पानं होती ती! तपासायची होती!"

"मग तसं सांगायचं. मला काय माहीत, तुम्ही खराब तेच जपून आणता!"

पानं ओल्या कचऱ्याच्या डब्यात होती, सकाळच्या पोह्यांमधल्या कढीपत्त्याखाली. जमिनीवर बसून निवडू लागलो. समोर आत्या खुर्चीत बसून चुका काढत होती. "ते नव्हे. ते कढीपत्त्याचं आहे. बारावीपर्यंत गेलास ना?"

दुसऱ्यांदा पुडकं उघडल्यावर मॅडमनी चिमट्याने एक पान वेगळं काढलं. "हे फोडणीतलं. याची चाचणी आम्ही करत नाही." बाकीची पुसून घेतली. मग निरोगी पानंही जवळ ओढली. "लोक फक्त आजारी पानं आणतात. तुलनेला चांगली लागतात. आत्यांनी निवड छान केली आहे, कळवा."

मी कळवलं नाही. जन्मभर ऐकावं लागलं असतं.

काही दिवसांनी फोन आला. वळलेल्या पानांत विषाणूच निघाला, पांढऱ्या माशीने पसरवलेला. निरोगी पानांत काही नव्हतं. आजारी झाडं मुळासकट काढून पुरा, पिवळे चिकट कागद लावा, बाकीच्यांवर लक्ष ठेवा.

मी अण्णांना भीतभीतच सांगितलं. ते उठून चपला घालू लागले. आम्ही दोघं वावरात उतरलो आणि इथलं एक, तिथलं एक असं झाड उपटत गेलो. तेवढ्यात बांधावर बसवाला येऊन उभा राहिला.

"उपटायला घेतलंत वाटतं, अण्णा? कधी रिकामं होतंय?"

अण्णांनी कंबर सरळ केली, मधल्या मोकळ्या जागा निवांत न्याहाळल्या.

"रिकामं झालंय की. हितं एका झाडाएवढं, तितं दोन झाडांएवढं. तुमच्या बशी मावत्यात का बघा."