सात मिनिटं पुढे

माझी धाकटी बहीण अभियांत्रिकी महाविद्यालयात प्राध्यापक होती. गेल्या महिन्यात निवृत्त झाली. तिच्याविषयी कोणा जाणत्याने लिहायला हवं होतं. मी वीज उपकेंद्रातला साधा ऑपरेटर; जमेल तसं लिहितो.

तिचा विषय स्मार्ट ग्रिड. तारेत बिघाड झाला, की माणसाने धावपळ करण्याआधी यंत्रणेनेच वीज दुसऱ्या वाटेने वळवायची. "दादा, बरोबर उत्तर उशिरा आलं तर ते चूकच," असं ती म्हणायची. अकरा वर्षं खपून केलेल्या तिच्या यंत्रणेची पहिली खरी चाचणी आमच्याच उपकेंद्रात ठरली. सकाळी अकराला यंत्रणा आपणहून वीज तोडून वळवणार होती. त्या लाइनवरच्या रुग्णालयाला पाच मिनिटं आधी जनरेटर चालू करायला सांगितलं होतं.

ती कॉलेजच्या प्रयोगशाळेत, मी पॅनेलसमोर. पॅनेलवरच्या घड्याळात अकराला दोन कमी. सहज मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. अकराला नऊ कमी! पुढच्या पाळीवाल्यांनी वेळेवर यावं म्हणून पॅनेलचं घड्याळ मीच कधीकाळी पुढे केलं होतं. सगळ्यांच्या ते अंगवळणी पडलं होतं. आणि यंत्रणा वेळ घेत होती ती त्याच घड्याळातून.

म्हणजे वीज सात मिनिटं आधीच जाणार, तेव्हा रुग्णालयाचा जनरेटर बंदच असणार. तिकडे ऑपरेशनच्या टेबलावर कोणीतरी उघडं पडलेलं असेल.

थांबवायची कळ तिच्याकडे होती. फोन उचलला, पण बोट पुढे सरकेना. तिच्यासमोर सगळे वरिष्ठ बसलेले. माझी नोकरी जाईल, हेही मनात आलं. खोटं कशाला बोलू? एक मिनिट तसंच गेलं. मग नंबर लावला.

"काय दादा, घाबरलास ना?" ती हसतच बोलली.

"थांबव गं. घड्याळ पुढे आहे. सात मिनिटं. मीच..."

तिने तिथेच फोन ठेवला. काटा अकरावर गेला. वीज तोडणारा ब्रेकर हलला नाही.

संध्याकाळी ती घरी आली. "इतकी वर्षं घड्याळाला फसवलंत, आणि मला एक शब्द नाही?"

"तू विचारलं नाहीस."

"हो. तेच अहवालात लिहिलंय. वेळ तपासली नाही, चूक माझी."

तिची बढती दोन वर्षं अडली. पुढे प्रत्येक चाचणीआधी ती उपकेंद्रात फोन करून कोणाकडून तरी तोंडी वेळ वदवून घ्यायची. लोक तिला 'वाजले किती बाई' म्हणायचे.

चूक माझी होती. तिच्या वरिष्ठांना तेव्हाच कळवायला हवं होतं. धीर झाला नाही.