हुलगे आणि अतिवेग

बीदरच्या एका कार्यालयात माझं काम असं, की अपघात झाला की जागेवर जायचं, फोटो काढायचे आणि मोबाइलवरच्या फॉर्मात कारण भरायचं. कारणांची यादी लांबलचक आहे. मी मात्र डोळे झाकून 'चालकाचा अतिवेग' निवडायचो. रस्त्याची चूक लिहिली की इंजिनिअर साहेबांचा फोन येतो. चालक बिचारा दवाखान्यात पडलेला, तो कुठला फोन करतोय!

कमठाण्याजवळच्या आमच्या गावात डांबरी रस्ता म्हणजे खळं. हुलगे, म्हणजे कुळीथ, काढले की शेंगांसकट रस्त्यावर पसरायचे, कडेनं दगड लावायचे. येणारी-जाणारी वाहनं फुकटात मळणी करून देतात. माझी माय यात पटाईत. मी कायदा सांगू लागलो की म्हणायची, सरकारनं आपल्यासाठी एवढं एकच काम धड केलंय, ते तरी वापरू दे.

गेल्या वर्षी तिच्याच हुलग्यांवरून गावचा दूधवाला अण्णा घसरला. पाय मोडला. मायचं नाव येऊ नये म्हणून मी शेंगा पायानं बाजूला सारल्या, फोटो काढला आणि 'अतिवेग' भरून मोकळा झालो. अण्णा शपथा घेऊन सांगायचा, गाडीला दुधाचे चार कॅन होते, मी हळूच होतो. सरकारी कागदापुढं त्याचं कोण ऐकणार? लंगडत दूध घालणाऱ्या त्या माणसाला गाव 'विमान' म्हणू लागलं. मीही हसायचो.

यंदा त्याच जागी मी पडलो. हेल्मेटमुळं डोकं वाचलं, खांद्याचं हाड गेलं. दवाखान्यात माझ्याच ऑफिसातला सोबती मोबाइल घेऊन आला. उशाशी माय बसलेली. मी सांगितलं, कुत्रं आडवं आलं. त्यानं सवयीनं विचारलं, स्पीड किती होता? मी भडकलोच. म्हणालो, वीसच्या वर नव्हता, वाटेल त्याला विचार.

"त्यो अण्णा बी हळूच यायलता," माय म्हणाली. "म्या बगितलंय. तुझ्या नोकरीपायी गप बसले."

सोबत्याचं बोट थांबलं. मला इतकी लाज वाटली की खांद्याचा विसर पडला. कुत्रं खोड, हुलगे लिही, असं मी त्याला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी अण्णा तांब्याभर दूध घेऊन लंगडत आला. खाटेवर टेकला, माझ्याकडं बघून मिशीत हसला.

"लई जोरात यायलतास व्हय?"

"न्हाई अण्णा," मी म्हणालो. "तुमी बी हळूच यायलते. शेंगा म्याच सारल्या."