मध्यंतरातला सत्कार

कळविण्यास अत्यंत दुःख होते की, अजमेरकडून फुटबॉलचा चषक परत आणण्याची आपली शेवटची आशा जयपूरच्या मराठी मंडळाने सीतापुऱ्याच्या मैदानावर, सर्वांसमक्ष, शाल-श्रीफळ देऊन वाटेला लावली आहे. संबंधितांनी धीर धरावा.

अजमेर आमच्यापासून दोन-अडीच तासांवर. तिथेही आमच्यासारखंच मराठी मंडळ, आणि दर हिवाळ्यात आमची त्यांच्याशी मॅच. एरवी दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या मुलींसाठी स्थळं शोधतात. चषकाचा विषय निघाला की तीच माणसं एकमेकांच्या पुरणपोळीला नावं ठेवतात. चषक कित्येक वर्षं त्यांच्याकडेच. दिवाळीला त्यांचा कप्तान न चुकता निरोप पाठवतो: चषक मजेत आहे, तुमची आठवण काढत नाही.

आमच्या संघात आयटीतली पोरं, मंडळाचे खजिनदार आणि मी. मी डावी बाजू सांभाळतो, म्हणजे पुढे निघून गेलेल्या माणसाला मागून हाका मारतो. खरा खेळाडू एकच, आमचे गोलकीपर. लष्करात सुभेदार, मूळचे कोल्हापूरकडचे, बोलायला कमी. यंदा त्यांची बदली आसामला झाली. तिथूनच निवृत्त होऊन ते गावी जाणार. तो चषक एकदा हातात धरायचाय, असं ते बुटाची नाडी बांधता बांधता मला म्हणाले होते. ते गेल्यावर गोलात कोण, असं कुणी विचारलं की सगळा संघ जमिनीकडे बघायचा.

आणि मंडळी, त्या दुपारी आम्ही जिंकत होतो. आयटीतल्या एका पोराच्या गुडघ्याला लागून चेंडू त्यांच्या गोलात गेला. सुभेदारांनी तर पेनल्टी अडवली. मध्यंतराला एक-शून्य. इथल्याच शाळेत जाणारी त्यांची मुलगी धावत आली. "पप्पा, मतलब आपण जिंकतोय?"

तेवढ्यात आमच्या अध्यक्षांनी माइक हातात घेतला. मराठी माणसाला चार खुर्च्या आणि एक माइक दिसला की कुणाचा तरी सत्कार केल्याशिवाय राहवत नाही. त्यात अजमेरची बस मॅच संपताच सुटणार, मग टाळ्यांना माणसं कुठून आणायची? म्हणून सुभेदारांचा निरोपसमारंभ मध्यंतरातच उरकायचा, असं ठरलं होतं. फक्त सुभेदारांना कुणी सांगितलं नव्हतं.

ते हळूच म्हणाले, "साहेब, मॅच झाल्यावर करूया की."

"दोनच शब्द," अध्यक्ष म्हणाले.

त्या दोन शब्दांत पानिपत आलं, मंडळाची वाटचाल आली, मग उपाध्यक्षांचेही दोन शब्द आले. आम्ही खुर्च्यांवर गार होत होतो. अजमेरवालेही मराठीच, पण त्यांचा कप्तान पक्का. टाळ्या त्याने उभ्यानेच वाजवल्या आणि आपल्या पोरांना मंचामागे पळत ठेवलं. सुभेदारांच्या खांद्यावर जयपूरजवळच्या बगरू गावचं छापील उपरणं, मांडीवर नारळ, आणि नजर सारखी पश्चिमेकडे. मध्यंतरानंतर बाजू बदलणार होत्या. आता त्यांना मावळतीकडे तोंड करून उभं राहायचं होतं. थंडीतला सूर्य कारखान्यांच्या पत्र्यांकडे उतरायला लागला होता. त्यांना सगळं कळत होतं, पण आपल्याच सत्कारातून माणूस उठणार कसा?

शेवटी उठलो तेव्हा माझे गुडघे जुन्या कपाटासारखे वाजले. पहिला गोल उन्हातून आला. सुभेदार कपाळावर आडवा हात धरून उभे होते. चेंडू जाळीला लागला तेव्हा आवाजाने वळले. दुसराही तसाच. सूर्य पत्र्यांमागे गेला, त्यांना पुन्हा मैदान दिसायला लागलं, आणि शिट्टी झाली.

अजमेरचा कप्तान चषक घेऊन त्यांच्याकडे गेला. हा टोमण्यांचा राजा, पण त्या वेळी एवढंच म्हणाला की फोटोपुरता धरा, सुभेदार. सुभेदारांनी हातमोजे काढले. पुन्हा घातले. मग मानेनेच नको म्हणाले.

तिकडे आभारप्रदर्शनासाठी अध्यक्ष माइकवर टकटक करत होते. सुभेदारांच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, नारळ उपरण्यात गुंडाळायला घेतला होता. वर न बघताच त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलून गेल्या, "अवो, पेनल्टी कशाला अडवत बसलासा? त्यो माइक अडवायचा हुता."