शेअर्डच्या भावात

नांदेडच्या होस्टिंगवाल्याने मला फसवलं. लातूरला माझे क्लासेस आहेत. त्यांच्या वेबसाइटला इंटरनेटवर भाड्याची जागा त्यानेच दिली. लातूरच्या भूकंपापासून तो स्लॅबखाली बसत नाही. दुकानाच्या दारात खुर्ची टाकतो आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी एकच विचारतो, "एका टायमाला किती लोक येतील?"

"निकालाच्या दिवशी सगळा जिल्हा. पण मला स्वस्तातली शेअर्ड जागाच पाहिजे," मी म्हणालो.

"सर, शेअर्ड म्हणजे तुमच्या पोरांची कॉटबेसिसची खोली. एकाकडं पाव्हणे आले की सगळ्यांची झोप खराब."

मी तासभर घासाघीस केली. शेवटी तो "हाव, शेअर्ड" म्हणाला आणि मी जिंकल्यासारखा उठलो.

निकालाच्या दिवशी शेजारच्या क्लासची शेअर्डवरची साइट बसली. माझी मात्र पार देवणीपर्यंत उघडत होती. मला संशय आला. मी नांदेड गाठलं.

"शेअर्डच्या भावात स्वतंत्र सर्व्हर दिलाय," तो शांतपणे म्हणाला. "भूकंपाच्या टायमाला गर्दीनं दार अडलेलं बघितलंय मी, सर."

मी कोणाचे उपकार घेत नाही. मी ठरवलेला सौदा मला न विचारता मोडायचा हक्क याला कोणी दिला? याचं उत्तर त्याने द्यावं. तोवर मीही त्याच्या शेजारी, दारातच खुर्ची टाकून बसणार आहे.