मदिनाचाचींनी भरलेला चुडा

लग्न होऊन वडूजला आले, त्या पहिल्या संक्रांतीला माझे हात कासारीण मदिनाचाचींनी भरले. पंजा नुसता चेपून त्या माप सांगतात आणि गप्पांत असं गुंतवतात की काकण कधी चढलं ते कळत नाही. जीभ मात्र तिखट. "हात हाय का मुसळ!" असं मला त्यांनी भर बाजारात ऐकवलंय.

दोन वर्षांपूर्वी त्यांना स्तनाचा कॅन्सर निघाला, तोही यकृतापर्यंत गेलेला. साताऱ्याच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, मुळापासून जाणार नाही, पण धरून ठेवता येईल. चाचींच्या गाठीतल्या पेशींवर एक विशिष्ट खूण सापडली होती. अँटिबॉडीचं औषध तीच खूण हुडकून तिथं जाऊन बसतं आणि वाढ रोखतं.

"म्हंजे मापाचं काकण की!" चाची म्हणाल्या.

सुरुवातीला जोडीला केमो होती. केस गेले, पुन्हा आले. आता दर एकवीस दिवसांनी छातीवर कातडीखाली बसवलेल्या पोर्टमधून नुसतं हे औषध जातं.

यंदा माझ्या शिवांजलीचं लग्न ठरलं. चुडा चाचींनीच भरायचा, यात विचारायचं ते काय? बुधवारी या म्हटलं, त्या "व्हय" म्हणाल्या. आणि सोमवारी त्यांची सून आसिया दबकत घरी आली.

"काकी, बुधवारी अम्मीचं औषध हाय. मागं ताप आला म्हणून आधीच आठ दिवस लांबलंय. आता चुकवू नका म्हणून डॉक्टरांनी बजावलंय, पण अम्मी ऐकंनात."

मी तशीच उठले आणि चाचींच्या दारात जाऊन भांडले.

"औषध चुकवून माझ्या पोरीचा चुडा भरणार? लोकांना तोंड दाखवायला जागा ठेवणार हाय का न्हाई मला?"

"आसियाच्या तोंडात तीळ भिजंल तर शपथ! आगं, औषध घेईन की आठ दिवसांनी. चुडा थांबतोय व्हय?"

"मग मी दुसरी कासारीण बोलावते."

चाचींचे डोळे भरून आले. मला माझीच लाज वाटली.

तोडगा माझ्या सासूबाईंनी, शालूबाईंनी काढला. हळद लागल्यावर नवरीनं वेस ओलांडायची नाही, पण हळद होती गुरुवारी.

"मग बुधवारी पोरीलाच घिऊन जावा साताऱ्याला," त्या म्हणाल्या. "चुडा कुठं भरला ते कोण इचारतंय? कुणी भरला ते इचारत्यात."

वॉर्डातल्या सिस्टरनं आधी कपाळाला आठ्या घातल्या. मग डॉक्टरांना विचारून आली आणि काच सांडू नये म्हणून स्वतःच चादर अंथरली. औषध छातीतून थेंब थेंब जात होतं, चाचींचे दोन्ही हात मोकळे होते. त्यांनी शिवांजलीचा हात मांडीवर घेतला. शेजारच्या खाटांवरच्या बायका उठून बसल्या. हिरवी काकणं एकामागून एक चढली, एकही फुटलं नाही.

शिवांजली पाया पडली. दोन वर्षांत या बाईनं पुढच्या डोसापलीकडचा शब्द कुणाला दिला नव्हता. ईदेचे कपडे शिवायचे म्हटलं तरी "बघू" म्हणायच्या. आज त्यांनी माझ्या पोरीची हनुवटी धरली.

"डोहाळजेवणाची काकणं बी मीच भरणार," त्या म्हणाल्या. "तवर एक बी औषध चुकवायची न्हाई."