न घासलेला कोपरा

माझ्या थोरल्या बहिणीच्या घरात जंतूंना जागा नाही. माणसांना आहे, पण पाय धुतल्यावर. मी तिची सख्खी धाकटी बहीण, समोरच्याच इमारतीत राहते, शिवणकाम करते. पण तिने दार उघडून कधी नुसतं "ये" म्हटल्याचं मला आठवत नाही. "आधी पाय धू!" हेच माझं स्वागत. मग माझ्या कपड्यांवरचे दोरे वेचायचे आणि मग ती दाखवेल त्या खुर्चीत बसायचं.

तिचाही इलाज नाही म्हणा. सगळी नोकरी तिने इस्पितळात, शस्त्रक्रियेची हत्यारं धुण्याच्या खोलीत काढली. कात्र्या, चिमटे, सुया घासायच्या, वाफेच्या यंत्रात घालायच्या, कापडात गुंडाळून पाठवायच्या. तिच्या हाताखालून गेलेल्या हत्याराने कुणाची जखम कधी चिघळली नाही, असं मोठे डॉक्टरसुद्धा सांगायचे. नोकरी संपली, पण जित्याची खोड जाते का? वाफेचं यंत्र तिच्या डोक्यात चालूच राहिलं.

भावोजी बस चालवायचे. जेवताना प्रवाशांच्या नकला करून आम्हाला ठसका लावणारा माणूस. पण हृदयाचं दुखणं निघालं, डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद केलं आणि भावोजी खिडकीशी बसले ते बसलेच. जेवलात का? हो. बरं वाटतंय का? हो. बाकी तोंडातून शब्द नाही.

"अगं, भांडतसुद्धा नाहीत माझ्याशी," ताई एकदा मला म्हणाली आणि तिचे डोळे भरले.

अशात एक दिवस औषधं आणायला गेलेले भावोजी माशांच्या दुकानासमोर थबकले. घरी येऊन म्हणाले, "मासे पाळू या का?"

कित्येक दिवसांत त्यांनी आपणहून उच्चारलेलं हे पहिलं वाक्य! कुत्रं, मांजर, पोपट हे सगळे विषय ताईने लग्नानंतर लगेच निकालात काढले होते. कुणाला केस, कुणाला पिसं. माशाला यातलं काहीच नाही. ताईला नाही म्हणायला जागाच उरली नाही.

खरेदीला मीही गेले. दुकानदार भलताच बोलका. गिऱ्हाइकाने मासे न घेता पळून जावं इतका. ताईने चटकन एक गोल भांडं उचललं. "हे बरं आहे. धुवायला सोपं."

"नको ताई, छोट्या भांड्यात पाणी लगेच बिघडतं," तो म्हणाला. "नवशिक्याने मोठी टाकी घ्यावी, तीच सोपी. खिडकीच्या उन्हात ठेवू नका. आधी काही आठवडे माशांशिवायच चालू द्या. खायला चिमूटभरच घाला. आठवड्याला पाव भाग पाणी बदला, सगळं नाही. नळाच्या पाण्यात हे औषधाचे थेंब टाकायचे. आणि फिल्टरच्या स्पंजात चांगले जंतू वाढतात, ते माशांची घाण पचवतात. त्यांना वाढू द्यायचं."

"चांगले जंतू?" ताईने असा चेहरा केला, की जणू तो चांगल्या दरोडेखोरांची शिफारस करत होता.

भावोजी मन लावून ऐकत होते. ताईचं मात्र पालथ्या घड्यावर पाणी. घरी येताच तिने टाकीतली खडी पातेल्यात उकळली. दुकानदाराने सांगितलेले काही आठवडे तिने चार दिवसांतच उरकले.

गप्पी मासे आले आणि भावोजी जागे झाले. टाकीसमोर खुर्ची ओढून बसू लागले. "हा बघ, दारात लटकणारा. हा सुट्ट्या पैशांवरून भांडणारा. आणि ही खिडकीवाली, चढली की काचेला नाक लावून बसते." खायला घालताना तोच जुना आवाज लागायचा, "चला, पुढे सरका, पुढे जागा आहे!" आम्ही दोघी स्वयंपाकघरात तोंड दाबून हसायचो.

पण भावोजी सकाळी फिरायला बाहेर पडले, की ताई पदर खोचायची. टाकी रिकामी, काच घासून लख्ख, स्पंज साबणाच्या गरम पाण्यात, नवंकोरं पाणी. टाकी अशी चमकायची, की आत पाणी आहे की नाही कळू नये. चारदोन दिवसांत दारात लटकणारा गेला. मग भांडणारा. भावोजींनी नवे आणले, तेही गेले. "दुकानदारच लबाड आहे. रोगट मासे देतो," ताईचा निकाल.

शेवटी एकटी खिडकीवाली उरली. भावोजी म्हणाले, "ही गेली की टाकी देऊन टाक कुणाला तरी," आणि खुर्ची उचलून परत खिडकीशी नेऊन ठेवली.

ते ऐकून मात्र माझं डोकं फिरलं. "ताई, अति तिथे माती! चल माझ्याबरोबर," म्हणत मी तिला हाताला धरून दुकानात नेलं.

"स्पंज कशाने धुता?" दुकानदाराने विचारलं.

ताईने अभिमानाने सांगितलं. आधी साबण, मग उकळतं पाणी, मग इस्पितळात वापरायचे ते जंतुनाशक. बडबड्या दुकानदाराने हातातली जाळी खाली ठेवली. मग तो हळूच म्हणाला, "ताई, मासे माझ्याकडे निरोगीच होते हो."

परतताना ती रस्त्यातच थांबली. "मीच मारले गं," म्हणाली. "इस्पितळात एवढी वर्षं माझ्या हातून कुणाला कधी अपाय झाला नाही, आणि घरात मीच..." मी एरवी तिला टोमणे मारायची संधी सोडत नाही, पण तेव्हा मी नुसता तिचा हात हातात घेतला.

त्या दिवसापासून तिने कानाला खडा लावला. पण हात शिवशिवायचे ना! टाकीची बाहेरची बाजू, टाकीखालचं टेबल, टेबलाखालची फरशी, सगळं पुसून झालं की ती दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायची. दर आठवड्याला भावोजी नळीने पाव भाग पाणी काढायचे आणि त्याच काढलेल्या पाण्यात स्पंज नुसता पिळायचे. तो पिवळट गाळ दिसू नये म्हणून ताई भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. टाकीच्या मागच्या कोपऱ्यात हिरवं शेवाळ धरलं. वाढत वाढत त्याची दाढीच लोंबू लागली.

"तेवढं एक कोपऱ्यातलं..." ती म्हणायची.

"राहू दे!" आम्ही दोघं ओरडायचो.

एकदा मी गेले तर घरातून हा आरडाओरडा. ताईने बाही वर करून घासणी टाकीत घातली होती आणि भावोजी तिचं मनगट धरून उभे.

"काढ हात! सांगून ठेवतो, हात काढ!"

"माझ्या घरात शेवाळ? लोक काय म्हणतील?"

"कोण लोक? पाय धुवायच्या भीतीने इथे कुणी फिरकतं तरी का?"

आता ताईला मिरच्या झोंबणार म्हणून मी दारातच थांबले. पण ती भांडता भांडता हसत होती. मला बघून म्हणाली, "ऐकलंस? कसे भांडतायत बघ!" घासणी तिने मुकाट्याने बाहेर काढली.

खिडकीवाली जगली. नुसती जगली नाही, फुगत चालली. "खायला जास्त घालता तुम्ही," असं ताई बोलायची, भावोजी कानावर हात ठेवायचे.

मग एके सकाळी मला ताईची हाक आली, समोरच्या गच्चीतून, आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी. मी अंगावरच्या दोऱ्यांसकट धावले. रस्ता नळासाठी खणून ठेवलेला, पाय घोट्यापर्यंत चिखलात. आत शिरले ती सवयीने थेट न्हाणीघराकडे वळले, तर ताईने दंड धरला.

"पाय राहू दे गं! आधी इकडे ये."

त्या हिरव्या दाढीत नुसते डोळेच डोळे फिरत होते. टाचणीच्या डोक्याएवढी पिल्लं. नर जाऊन कितीतरी दिवस झाले तरी मादीला पिल्लं होतात, हे भावोजी दुकानात विचारून आले होते. "आणि आई स्वतःच खाते त्यांना," ते म्हणाले. "शेवाळात लपली म्हणून वाचली." मग घसा खाकरून त्यांनी टाकीला दम भरला, "चला, पुढे सरका, लहान मुलांना जागा द्या!"

मी खाली बघितलं. दारापासून टाकीपर्यंत लख्ख फरशीवर माझी चिखलाची पावलं उमटली होती. मी जीभ चावली आणि फडकं घ्यायला वळले.

ताईने माझा हात ओढून मला आपल्याशेजारी बसवलं. नजर कोपऱ्यावरून हलली नाही. "नंतर पुसू," ती म्हणाली. "आधी मोजू दे मला."