गुरुजींची दोन पत्रं

शंकरगुरुजी रोज दुपारी परदेशी जाऊन यायचे, तेही जागचे न हलता. चऱ्होलीत नदीकाठच्या देवळाच्या ओसरीवर खांबाला टेकून बसायचं, मांडीवर नकाशांचं जाडजूड पुस्तक उघडायचं, डोळे मिटून कुठेतरी बोट ठेवायचं आणि मग दिवे लागेपर्यंत त्याच गावात राहायचं. एकदा मी हाक मारत गेलो तर म्हणाले, "हळू बोल निवृत्ती. मी चिलीत आहे. इथे आत्ता पहाट आहे, माणसं झोपलीत." मी पुण्याच्या कॉलेजात जाणारा चांगला बाप्या गडी. समोर भर उन्हात म्हशी डुंबत होत्या. तरी मी कुजबुजतच बोललो की हो! त्यांच्याजवळ बसलं की असं व्हायचं.

प्रत्यक्षात गुरुजी पुण्याच्या पलीकडे कधी गेले नव्हते. गावच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यावर दुसरं एक काम अंगावर घेतलं. कुणाचंही लग्न ठरायचं असलं की मुलाबद्दल पत्र लिहून द्यायचं. चाकणपासून आळंदीपर्यंतचे लोक त्यासाठी यायचे. मजकूर ठरलेला. मुलगा निर्व्यसनी आहे. थोरला भाऊ खंबीर आहे, मागे कसलाही पाश नाही. जिथे जाईल तिथलाच होऊन राहील. मुलीचा बाप एवढं वाचून गार व्हायचा, कारण जावयाच्या पाठीमागे लग्नाच्या बहिणी नाहीत, भावाभावांची भांडणं नाहीत, यापरतं सुख कोणतं? "बाकी रूप-बीप काय, दोन वर्षांत सारखंच दिसतं," गुरुजी म्हणायचे. "पाश नसावा माणसाला."

त्या सुमारास पिंपरीच्या माळावर औषधांचा कारखाना उभा राहिला आणि मी तिथल्या प्रयोगशाळेत लागलो. बुरशी वाढवायची आणि तिच्यातून औषध काढायचं. आईला हे काही केल्या पटेना. "भाकरीला बुरशी आली की आमी फेकून देतो, आन् तुमी तिची राखण करता व्हय?" मला मात्र त्या बुरशीनं वेड लावलं होतं. काचेच्या बशीत ती कडेकडेनं पसरायची, ते बघत मी तासन् तास उभा असायचो. तिचं सगळं शास्त्र शिकायचं, तेही अमेरिकेत, यापलीकडे मला काही सुचत नव्हतं. अर्ज केले, वाट पाहिली आणि एक दिवस तिथल्या विद्यापीठाचं पत्र आलं. प्रवेश मिळाला होता आणि शिष्यवृत्तीसुद्धा. उरला होता फक्त व्हिसा.

व्हिसासाठी ओळखीच्या दोन प्रतिष्ठितांची पत्रं लागत होती. एक प्राध्यापकांनी दिलं. दुसरं कोण देणार? गुरुजींनी ते आपण होऊन मागून घेतलं, दोन दिवस खपून इंग्रजीत लिहिलं आणि पाकीट स्वतः चिकटवून माझ्या हातात दिलं. "उघडू नकोस. आपली स्तुती आपण वाचू नये."

मुंबईच्या कचेरीतला साहेब सभ्य माणूस होता. अर्ज नामंजूर झाल्याचं त्यानं शांतपणे सांगितलं. शिक्षण संपल्यावर मी परत जाईन अशी त्यांची खात्री पटत नव्हती. मी विचारलं, का? त्यानं गुरुजींचं पत्र माझ्यापुढे सरकवलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. थोरला भाऊ खंबीर आहे, मागे कसलाही पाश नाही. जिथे जाईल तिथलाच होऊन राहील.

गाडीत मला धड बसवेना. चऱ्होलीला उतरलो तो घरी न जाता तडक देवळात. "गुरुजी, तुम्ही मला शिकायला पाठवत होतात की अमेरिकेला जावई म्हणून देत होतात?" असं आणि याहून वाईट पुष्कळ काही बोललो. आज आठवलं की जीभ झडावी असं वाटतं. गुरुजींनी पुस्तक मिटलं. एरवी पुस्तकातलं शुद्ध बोलणारा माणूस, पण मनाला लागलं की आपल्या मूळच्या बोलीत यायचे. "पाश नसणं वाईट असतं व्हय रे तिकडं?" एवढंच म्हणाले.

पुढचे चार दिवस ते देवळात फिरकले नाहीत. पाचव्या दिवशी कारखान्याचा गुरखा मला सांगत आला की फाटकाशी कुणी म्हातारबुवा उभे आहेत. तीन-चार कोस चालत आले होते. धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेलं. "हे धर. या खेपेला वाचून बघ," म्हणाले.

"मागील पत्रात चूक झाली," असं त्यात लिहिलं होतं. "या मुलाला पुष्कळ पाश आहेत. तो जेवल्याशिवाय त्याची आई दिवाळीचा फराळ तोंडाला लावत नाही. बैल त्याच्याखेरीज कुणाच्या हातचा चारा घेत नाही. शिवाय या गावात एक म्हातारा मास्तर आहे. त्याने सारे जग नकाशात पाहिले, पण ते प्रत्यक्ष पाहून आलेला माणूस अद्याप पाहिलेला नाही. त्याच्यासाठी हा परत येईल. न आल्यास मला जाब विचारावा."

"गुरुजी, करंज्यांचा पहिला घाणा निघायच्या आत आई दोन खाऊन मोकळी होते! आणि बैल तर मला शिंग मारतो."

"मग? समोरच्याला ऐकायला काय हवंय ते लिहायचं असतं. तीस मुलांची लग्नं जमवलीत मी, एकाचा तरी संसार मोडला का?"

मी पुन्हा अर्ज केला. साहेबानं ते पत्र दोनदा वाचलं, हा म्हातारा कोण म्हणून विचारलं आणि व्हिसा दिला.

दोन वर्षं कशी गेली कळलं नाही. अभ्यास संपला तशी तिथेच नोकरी चालून आली. मोठी प्रयोगशाळा, हवं ते काम. आईनं कुणाकडून तरी लिहून पाठवलं, "बरं हाय तर ऱ्हा तिथंच. थोरला हाय इथं." म्हणजे गुरुजींचं पहिलं पत्र अक्षरशः खरं होतं. मला थांबायचं होतं, अगदी मनापासून थांबायचं होतं. पण होकार लिहायला बसलो की डोळ्यांपुढे यायचं, तो सभ्य साहेब मोटारीतून चऱ्होलीत उतरलाय आणि गुरुजींना जाब विचारतोय. खुळचटपणा नुसता! कोण येतंय चऱ्होलीला? पण ते चित्र काही हलेना. शेवटी नकार कळवला आणि बोटीत बसलो.

गुरुजी अंथरुणाला खिळले होते. नजर गेली होती. माई, त्यांच्या मंडळी, म्हणाल्या, "अहो, निवृत्ती आलाय." मला वाटलं, आनंदानं रडतील. कसलं काय! भडकलेच.

"कायमचा आलास? नोकरी नाही दिली कुणी?"

"दिली होती. सोडून आलो. तुम्हीच लिहिलं होतंत ना, परत येईल म्हणून?"

"अरे गाढवा, ते साहेबासाठी होतं! तुझ्यासाठी पहिलं होतं."

राग आला, रडू आलं, दोन्ही एकदमच आलं. ते भिंतीकडे तोंड करून पुटपुटत राहिले. मग काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "गुरुजी, तिकडे बर्फ पडतो ना, त्याचा आवाज होत नाही."

पुटपुटणं थांबलं. "अजिबात नाही?"

"अजिबात नाही. खिडकी उघडल्यावरच कळतं."

ते सावकाश माझ्याकडे वळले. "सांग," म्हणाले. "पहिल्यापासून सांग. घाई करू नकोस."

कारखान्यानं मला पुन्हा कामावर घेतलं होतं. अकरा दिवस मी तिथून सुटलो की त्यांच्याकडे जाऊन सांगत बसायचो. बोट, बंदरं, माझ्या खोलीची घरमालकीण, तिथल्या भाजीबाजारातले भोपळे, सगळं. बाराव्या दिवशी गेलो तर दारात माणसं जमली होती. माझं निम्मंही सांगून झालं नव्हतं.